पाचव्या मजल्यावरचा रडका चेहरा

बोचकेमामांना गोंधळायला कारण लागत नसे. दोन बटणं असलेली कुठलीही वस्तू त्यांच्या हातात द्या, ते तिसरं शोधत बसायचे. घरात पंखा लावायला उठले की आधी दिवा लागायचा, मग दुसऱ्या खोलीतला दिवा लागायचा, आणि शेवटी मामी हातातलं काम टाकून उठायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पंखा काही मामांच्या हाताने लागला नाही.

पण कामाला म्हणाल तर माणूस खणखणीत. लाँड्रीतले धुतलेले, इस्त्री केलेले कपडे एका मोठ्या चादरीत बांधायचे, ते बोचकं खांद्यावर टाकायचं आणि समोरच्या वसाहतीत दारोदार पोचवायचं, परत येताना मळके घेऊन यायचे, हे त्यांचं काम. बोचकं सतत अंगावर, म्हणून बोचकेमामा. त्यांचं खरं नाव मालकांनासुद्धा पटकन आठवत नसे. वसाहतीतल्या इमारती पाच-पाच मजल्यांच्या, आणि लिफ्ट एकीलाही नाही. ज्याने त्या बांधल्या त्याच्यावर स्वतःचे कपडे पाचव्या मजल्यावर नेऊन द्यायची वेळ कधी आली नसणार, आणि आली असती तर बरं झालं असतं.

मामी त्याच लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर. घडी घालून वर कागदाची पट्टी लावायची ती त्यांनीच, दुसऱ्या कोणी लावलेली त्यांना चालत नसे. कुठला शर्ट कोणाचा, हे त्या कॉलर बघून सांगायच्या. मामांच्या मनात काय चाललंय तेही त्या अशाच वरवर बघून सांगायच्या, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं, याचा मामांना भयंकर राग यायचा.

तर झालं असं, की वसाहतीतल्या एक आजी घरात पडल्या, आणि कितीतरी दिवस कोणाला पत्ताच लागला नाही. शेजारी म्हणाले, आम्हाला वाटलं मुलाकडे गेल्या असतील. मुलगा म्हणाला, मला वाटलं शेजारी आहेत. दार फोडेपर्यंत उशीर झाला होता. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि आठवड्याभरात सगळे आपापल्या कामाला लागले. एक ताई मात्र लागली नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक छोटी संस्था होती, ती ही ताई चालवायची. तिने ठरवलं, आपल्या वसाहतीत हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

तिने एक ॲप करून घेतलं. नाव ‘विचारपूस’. शेजारी आता शेजाऱ्याचं दार वाजवत नाहीत, पण दूधवाला वाजवतो, पाण्याचे कॅन देणारा वाजवतो, लाँड्रीवाला वाजवतो. तेव्हा या मंडळींच्या हातात एकेक फोन द्यायचा. प्रत्येक दाराच्या चौकटीवर एक छोटा स्टिकर. काम झालं की फोन स्टिकरसमोर धरायचा, पडद्यावर तीन चेहरे येतात, हसरा, कोरा आणि रडका. घरातलं माणूस जसं दिसलं तसा चेहरा दाबायचा. एका दारात रडके चेहरे साठायला लागले की संस्थेची माणसं तिथे जाऊन बसणार, बोलणार, डॉक्टर लागला तर आणणार. साधी गोष्ट. तुम्हाला समजली, मला समजली.

मामांना नाही समजली. शिकवायला बोलावलं त्या दिवशी ते दोन इमारती उरकून उशिरा पोचले, मागच्या खुर्चीत बसले, आणि ऐकलं ते फक्त स्टिकरसमोर फोन कसा धरायचा तेवढं. त्यांनी हात वर करून विचारलंसुद्धा, “दाबायचा कधी?” ताई म्हणाली, “दारातून निघताना.” कोणाचा, ते काही त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. कारण तीन चेहरे मामांच्या ओळखीचे होते.

लाँड्रीच्या मागच्या दाराशी मालकांनी असलीच एक पाटी बसवली होती. कामगारांनी घरी जाताना आजचा दिवस कसा गेला ते चेहरा दाबून सांगायचं. मालकांची खुर्ची बरोबर त्या पाटीसमोर, त्यामुळे सगळे हसरा दाबून सटकायचे. मामांनी एकदा रडका दाबला. दाढ ठणकत होती, खोटं कशाला दाबायचं? मालकांनी बोलावून चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाताच्या डॉक्टरकडे धाडलं. तेव्हापासून मामांचा या चेहऱ्यांवर पक्का विश्वास बसला. खरं दाबावं, कोणीतरी बघतं.

म्हणजे मामांनी दारोदार कोणाचा चेहरा दाबला? स्वतःचा. अगदी प्रामाणिकपणे.

मामींना त्यांनी पहिल्याच दिवशी कौतुकाने फोन दाखवला. मामी म्हणाल्या, “अहो, पण त्यांना तुमच्या सुखदुःखाचं काय पडलंय?”

“विचारतायत तर सांगायला काय जातंय?”

“मला नाही कधी सांगितलंत ते.”

“तू कुठे चेहरे दिलेस दाबायला?”

त्या दिवशी भाजीत मीठ जास्त होतं.

आणि खरं सांगायचं तर मामांनाही आत कुठेतरी शंका होती. प्रत्येक दारात का विचारतात? सकाळी एकदा, दुपारी एकदा विचारलं तर भागणार नाही? पण शिकल्यासवरल्या ताईने काहीतरी विचार केलाच असेल. पहिल्या मजल्यावर ते ताजेतवाने असायचे, हसरा. तिसऱ्यावर धाप लागलेली, कोरा. पाचव्यावर गुडघा असा बोंबलायचा की मामा कठड्याला धरून उभे राहायचे आणि डोळे मिटून रडका दाबायचे. एका घरातलं कुत्रं त्यांना बघून पिसाळल्यासारखं करायचं, तिथे मजला कुठलाही असो, रडका.

पाचव्या मजल्यावर एक बाई होत्या, उशांचे अभ्रे दोनदोनदा मोजून घ्यायच्या. लाँड्रीत त्यांना सगळे अभ्रेबाई म्हणत. तिथे मामांचा रडका चेहरा ठरलेला. घरात नवरा, सासू-सासरे, मुलं, एक दीर आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. एके दिवशी संस्थेची दोन गोड बोलणारी माणसं त्यांच्याकडे येऊन बसली आणि विचारती झाली, “तुम्हाला एकटं एकटं वाटतं का?”

“वाटलं तर फार बरं होईल हो,” अभ्रेबाई म्हणाल्या. “पण वाटू कोण देतंय?”

माणसं पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आली. अभ्रेबाईंची पुरती भंबेरी उडाली. त्यांनी मामांना दारातच गाठलं. “मामा, माझ्याबद्दल कोणी काही बोललं का हो? लोक येतात, माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, मोकळेपणाने रडा.”

बिचारीच्या घरात काहीतरी मोठं दुःख असणार, आपल्याला कसं दिसलं नाही, असं वाटून मामांचा जीव कळवळला. आणि जीव कळवळला म्हणून त्यांनी निघताना रडका दाबला. कुत्र्याच्या घरीही माणसं गेली होती. त्यातल्या एकाची फाटलेली पँट लाँड्रीत आली, तेव्हा मामींनी ती उलटसुलट बघून “हे काय चाललंय काय वसाहतीत?” असं विचारलं. मामांनाही तेच विचारायचं होतं.

आता शेवटच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, कंडक्टरआजोबा राहायचे. आयुष्य बसमध्ये उभं राहून गेलेलं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात, तिचा रविवारी फोन. मामांनी दार वाजवलं की आतून आवाज यायचा, “पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी करू नका.” मामा एकटेच उभे असायचे. रोज तोच विनोद, आणि रोज मामा हसायचे. मग पाण्याचा पेला यायचा आणि बसमधला एखादा किस्सा. तिकीट खिशात असताना सगळी बस खाली उतरवून ते शोधणारा माणूस, चुकीच्या बसमध्ये बसून कंडक्टरलाच रस्ता चुकला म्हणणारी बाई. मामांना वाटायचं, ती बाई म्हणजे आपणच. हसून हसून खांद्यावरचं बोचकं घसरायचं. त्या दारातून मामांनी हसऱ्याशिवाय दुसरा चेहरा कधी दाबला नाही. संस्थेच्या नकाशावर हसऱ्या दारांना हिरवा रंग, रडक्यांना लाल, त्यामुळे ते दार हिरवंगार होतं. हिरव्या दारात कोणी जात नसे. कशाला जाईल?

आणि त्या हिरव्या दाराच्या आत काय चाललं होतं, ते मामांच्या डोळ्यांसमोर होतं. नुसतं समोर होतं, दिसत नव्हतं.

आजोबांचा गठ्ठा लहान होत गेला. आधी चादरी बंद झाल्या, मग पँटी. शेवटी एकच निळ्या रेघांचा शर्ट यायला लागला. मामींनी तो इस्त्रीला घेतला आणि तशाच थांबल्या. “हा घातलेलाच नाही. पट्टी बघा, मीच लावलेली आहे.”

“विसरले असतील गं.”

“तीनदा?”

मामांनी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, “अरे, कपाटात उभा राहून चुरगळतो. तिथेपण गर्दी असते.” मामा खो खो हसले. जिना उतरताना आपण नक्की काय विचारायला गेलो होतो तेच त्यांना आठवेना, तेव्हा त्यांनी तो विषय सोडून दिला.

मग एक दिवस दार बराच वेळ उघडलंच नाही. उघडलं ते बोटभर. आजोबांचा एक हात भिंतीवर होता. “आता नको येऊस रे,” ते म्हणाले. “कपडे संपले. गाडी डेपोत लागली.” मामांना क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते सापडेना. गाडी डेपोत लागली, हे मात्र फार आवडलं. हसत हसत फोन काढला, हसरा दाबला आणि गेले. त्यानंतर त्या दारात कपडे नव्हते, म्हणून मामाही नव्हते.

पुढच्या आठवड्यात ताईने सगळ्यांना वाचनालयाच्या हॉलमध्ये बोलावलं. भिंतीवर वसाहतीचा नकाशा मोठा करून लावला होता. खालचे मजले हिरवे, मधले पिवळे, वरचे लालभडक, आणि हे सगळ्या इमारतींत सारखंच. पुढच्या खुर्चीत नगर कार्यालयातले एक साहेब मान डोलावत होते. ताई म्हणाली, “उंची वाढते तसा एकटेपणा वाढतो, हे आपल्याला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसतंय.” जिन्याच्या प्रत्येक वळणावर बाक ठेवायचे, वरच्या मजल्यांसाठी आणखी माणसं नेमायची, असं काय काय ठरत होतं. अभ्रेबाईंचं नाव न घेता त्यांचं उदाहरण दिलं गेलं. मग ताई म्हणाली, “आणि यात सगळ्यात जास्त दारं ज्यांनी नोंदवली, ते आपले मामा. दूधवाले दादा विसरतात, पाणीवाले विसरतात, मामा एकही दार सोडत नाहीत.”

टाळ्या झाल्या. मामांना पुढे बोलावलं. बोचकं बाजूला ठेवून ते उभे राहिले आणि हातांचं काय करावं ते न कळून त्यांनी ते पाठीमागे नेले.

“मामा, पाचव्या मजल्यावर तुम्हाला काय दिसतं, ते साहेबांना सांगा.”

“दिसायचं काय ताई, डोळ्यांपुढे काजवे.”

“म्हणजे?”

“गुडघा. उजवा. चौथ्यापर्यंत रेटतो कसाबसा.”

“अहो, तिथली माणसं कशी असतात?”

“माणसं बरी आहेत की. खाऊनपिऊन सुखी. अभ्रे मोजतात जरा.”

“मग तुम्ही तिथे रडका का दाबता?”

“मला रडू येतं म्हणून.”

हॉलमध्ये हशा पिकला. दूधवाल्याने तर मांडीवर थाप मारली. साहेबांनी नकाशाकडे बघितलं, मग मामांच्या गुडघ्याकडे बघितलं. मामांना आधी वाटलं आपण काहीतरी छान बोललो. मग ताईचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती.

“म्हणजे हे सगळे चेहरे… तुमचे आहेत?”

“मग कोणाचे?”

तिने दोन वाक्यांत सांगितलं. मामा ऐकत राहिले. अभ्रेबाई, फाटलेली पँट, मोकळेपणाने रडा, सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि तिथे एकमेकांवर आदळायला लागलं. कान गरम झाले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. “मला वाटलं, तुम्ही मलाच विचारताय,” ते पुटपुटले. “मीपण म्हणायचो, इतक्यांदा का विचारतात.”

ताई रागावली नाही. ती खुर्चीत बसली आणि नकाशाकडे बघत राहिली. “लाल दारांचं सोडा मामा,” ती हळू म्हणाली. “तिथे आपण उगाच गेलो, एवढंच झालं. जिथे गेलोच नाही, त्या हिरव्या दारांत काय आहे?”

मामांनी नकाशाकडे पाहिलं. शेवटची इमारत, दुसरा मजला. पट्टी न फाटलेला शर्ट. भिंतीवरचा हात. बोटभर उघडलेलं दार. साहेब काहीतरी विचारत होते, ते ऐकायला मामा जाग्यावर नव्हते. बोचकं तिथेच राहिलं. त्यांच्या हयातीत ते बोचकं टाकून पहिल्यांदाच कुठे निघाले होते, आणि तेही पळत. मागून ताई धावत होती. उजवा गुडघा काय म्हणत होता ते मामांना ऐकू आलं नाही.

दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. घरात पडलेल्या त्या आजी मामांना आठवल्या. ते तळहाताने दार बडवायला लागले.

“कपडे नाहीत रे,” आतून बारीक आवाज आला.

“कपड्यांसाठी नाही आलो आजोबा.”

आत बराच वेळ काही सरपटल्यासारखं झालं, मग कडी निघाली. आजोबा खुर्चीचा आधार घेऊन, खुर्ची पुढे ढकलत ढकलत दारापर्यंत आले होते. डावा पाय घोट्यापासून वर सुजून काळानिळा झालेला. न्हाणीघरात घसरले होते, तेव्हापासून जिना उतरले नव्हते. पलंगाशी पाण्याची एक बाटली आणि बिस्किटांचा रिकामा पुडा. मुलीला रविवारी सांगितलं होतं, मी मजेत. ताईने डॉक्टरला फोन लावला आणि ती गॅसकडे वळून दूध आहे का बघायला लागली. दूध नव्हतं.

मामा पलंगासमोर उभे राहिले. इतकी वर्षं या दारात येत होते, आणि एक प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

“आजोबा, तुम्ही कसे आहात?”

आजोबांनी तोंड उघडलं. “पुढे सरका,” असं काहीतरी ते म्हणायला गेले, पण पुढचं आलं नाही. ते खाली बघत म्हणाले, “बरा नाही रे.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला कुठे रडगाणं सांगायचं? तू आधीच ओझं घेऊन येतोस. शर्ट देत होतो तोवर येत होतास. मग दारापर्यंत यायचंच जमेना.”

मामांना ते ऐकवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं, उलटसुलट, मध्येच लाँड्रीतली पाटी, मध्येच दाढ. “माझ्यामुळे झालं हे. मी तुमच्या दारात रोज हसरा दाबला. तुमचा दाबायचा होता, मी माझा दाबला. म्हणून कोणी आलं नाही तुमच्याकडे.”

आजोबा ऐकत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग त्या हळूहळू गेल्या.

“तुझा हसरा?”

“हो.”

“माझ्या दारात?”

“हो आजोबा. चुकलंच माझं.”

“रोज?”

“रोज.”

“दाखव बघू.”

मामांनी फोन काढला, आणि अर्थातच भलतंच काहीतरी उघडलं. ताईने येऊन ॲपमधली आजोबांच्या दाराची नोंद उघडून दिली. पडद्यावर हसरे चेहरे एकाखाली एक आले, प्रत्येकाशेजारी तारीख. आजोबांनी चष्मा शोधला, लावला, आणि फोन दोन्ही हातांत धरला.

“हा कधीचा?”

“तुम्ही ती तिकीटवाली गोष्ट सांगितलीत तेव्हाचा.”

“आणि हा?”

“त्या दिवशी काही सांगितलं नव्हतंत. पाणी दिलंत.”

आजोबा खालच्या चेहऱ्यावरून वरच्या चेहऱ्याकडे जात जात सगळ्यात शेवटच्या चेहऱ्यापाशी आले, आणि थांबले. “हा तर गाडी डेपोत लागली त्या दिवसाचा आहे. तेव्हा मी दारसुद्धा नीट उघडलं नव्हतं.”

“तरी,” मामा म्हणाले.

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. हे बरं झालं की वाईट झालं, मामांना काही केल्या उमगेना. त्यांनी ताईकडे पाहिलं. तिलाही उमगलेलं दिसत नव्हतं. जिन्यात डॉक्टरांची पावलं वाजली, तरी आजोबांनी फोन सोडला नाही. ते पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.